मुदत नव्हे, माफी

(मननासाठी शास्त्रभाग : मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय 18, वचने 21 ते 35)



दसरा जवळ आला म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. गेवराई, पाटोदा, शिरूर, धारूर, केज, वडवणी, कोणत्याही तालुक्यात जा, कोयत्यांना धार लावणे चाललेले असते, भांडीकुंडी बांधली जात असतात, म्हाताऱ्या माणसांपाशी कोणाचे मूल ठेवावे आणि कोणाचे बरोबर न्यावे याची बोलणी होत असतात. आणि मग पश्चिमेकडील साखर कारखान्यांच्या, काही तर कर्नाटकाच्याही वाटेने टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याने मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, आणि ती कधी मुलीच्या लग्नात, कधी दवाखान्यात, कधी मागले देणे देण्यात सरूनही गेलेली असते. पुढे चार-पाच महिने ऊस तोडावयाचा, तो हाती काही यावे म्हणून नव्हे, तर आधीच खाल्लेले फिटावे म्हणून. एखादे दिवशी अंगात ताप असला तर खाडा धरला जातो. गाळप संपते, हिशेब होतो, आणि पुष्कळांस एकच शब्द ऐकावयास मिळतो की, अजून बाकी आहे. ती बाकी पुढच्या हंगामावर जाते.

तेव्हा ऋण म्हणजे काय, हे तुम्हांस पाळकाने शिकविण्याची गरज नाही. मोठ्या नगरांतील मंडळ्यांपुढे मत्तयाच्या 18 व्या अध्यायातील दाखला समजावून सांगण्यास जेवढा वेळ लागतो, त्याच्या चौथ्या हिश्शाने तो तुम्हांस समजेल. म्हणूनच आज पाप, क्षमा आणि तारण या तीन गोष्टींविषयी लिहिताना मी तोच दाखला घेतला आहे.

पाप या गोष्टीस प्रभू येशूने ऋण असे नाव दिले. त्याने शिष्यांस जी प्रार्थना शिकविली, ती मत्तयाच्या ग्रंथात वाचा. तेथे आपण आपली ऋणे सोडावी म्हणून मागतो. लूकच्या ग्रंथात त्याच ठिकाणी पापे हा शब्द आहे. यात विरोध काही नाही. प्रभू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात होबा हा एकच शब्द देण्यासाठीही चाले आणि अपराधासाठीही चाले. ज्या लोकांत तो वाढला, ते आपल्यासारखेच शेतावर राबणारे, कर वाहणारे, सावकाराच्या दारी उभे राहणारे लोक होते. त्यांस समजेल असाच शब्द त्याने घेतला.

परंतु येथे एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर सुवार्तेच्या नावाने गरिबाच्या मस्तकावर आणखी एक ओझे बसेल. मुकादमाचे किंवा सावकाराचे कर्ज अंगावर असणे हे पाप नव्हे. गरिबी हे पाप नव्हे. अमक्या जातीत जन्म झाला हे पाप नव्हे, आणि ते मागल्या जन्मीच्या पापाचे फळही नव्हे. आपल्यातील पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांस हेच ऐकविण्यात आले की, तुमचे हे हाल म्हणजे तुमच्या जुन्या खात्याची वसुली आहे. मुकाट्याने भोगा, म्हणजे पुढला जन्म बरा मिळेल. योहानाच्या 9 व्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाकडे बोट दाखवून हाच प्रश्न प्रभूस विचारला होता: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही गोष्टी नाकारल्या, आणि चिखल करून त्याचे डोळे उघडण्याच्या उद्योगास लागला. ज्या उपदेशकाच्या तोंडून, आजारी मुलाच्या आईस, तू काहीतरी केले असशील, असा शब्द निघतो, त्याने त्या अध्यायापाशी पुन्हा जाऊन बसावे.

मग देवाचे ऋण ते कोणते? आपण पापाची यादी करावयास बसलो म्हणजे चोरी, व्यभिचार, दारू, शिवीगाळ, मूर्तिपूजा अशी पाच-सात नावे सांगतो, आणि त्यांतील चार आपण सोडली असल्यास आपले खाते बहुतेक फिटले असे समजतो. हा हिशेब उलटा आहे. जे करू नये ते केले, एवढेच ऋण नव्हे. जे द्यावयाचे होते ते दिले नाही, हे त्याहून मोठे ऋण. देवाने श्वास दिला, पाऊस दिला, माणसे दिली; आणि सर्व अंतःकरणाने त्याजवर प्रीती करावी व शेजाऱ्यावर स्वतःसारखी करावी, एवढेच मागितले. एक दिवस तरी आपण हे पुरते दिले आहे काय? आज पुरते देऊ म्हटले तरी कालची बाकी कशाने भरणार? आजचा पैसा तर आजच्याच देण्यात जातो. शिमोन परूश्याच्या घरी प्रभूने दोन ऋणकऱ्यांची गोष्ट सांगितली, एकाला पाचशे दीनार देणे होते, दुसऱ्याला पन्नास. पन्नासवाल्यास आपण बरे आहोत असे वाटत असावे. तथापि प्रभूने त्या दोघांविषयी सांगितले ते एवढेच की, फेडावयास दोघांजवळही काही नव्हते.

आता दाखल्याकडे वळू. राजा आपल्या चाकरांचा हिशेब घेऊ लागतो, आणि दहा हजार तालांत देणे असलेला एकजण पुढे आणला जातो. हा आकडा आपण वाचून पुढे जातो, कारण तालांत हे नाणे आपल्या ओळखीचे नाही. म्हणून जरा हिशेब करू. मजुराच्या एका दिवसाची मजुरी एक दीनार, हे मत्तयाच्या 20 व्या अध्यायावरून दिसते. एका तालांताचे सुमारे सहा हजार दीनार होत. म्हणजे दहा हजार तालांतांचे सहा कोटी दीनार, सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे तीनशे दिवस न चुकता काम मिळाले, आणि त्यांतून पोटास एक घासही घेतला नाही, तरी हे देणे फिटावयास दोन लक्ष वर्षे लागतील. प्रभूचे ऐकणारे हा आकडा ऐकून हसले असावेत. एवढे कर्ज कोणा चाकरास कोणी देत नाही! परंतु प्रभूने तो आकडा मुद्दाम घेतला.

आता त्या चाकराची विनंती पाहा. बायको, मुले आणि जे काही असेल ते विकून वसुली करावी असा हुकूम झाला आहे. तो पायां पडतो. आणि मागतो काय? तो क्षमा मागत नाही. थोडा धीर धरावा, म्हणजे मी सर्व फेडीन, असे तो म्हणतो. दोन लक्ष वर्षांचे देणे, आणि हा मुदत मागतो! याहून आश्चर्य हे की, राजा त्यास मुदत देत नाही. त्याला कळवळा येतो आणि तो सगळे ऋणच सोडून देतो. मागितले एक आणि मिळाले दुसरे. माझ्या मते या सबंध दाखल्याचे बिजागरे येथे आहे, आणि पुढे त्या चाकराने बाहेर जाऊन जे केले तेही येथूनच समजते.

कारण आपण सर्वजण देवापाशी मुदतच मागत असतो. पुढच्या हंगामापासून दर रविवारी उपासनेस येईन. या वर्षी दशमांश दिला नाही, पुढच्या वर्षी दुप्पट देईन. मुलगा बरा होऊ दे, मी दारू सोडीन. हे शब्द खोटे असतात असे नाही. पुष्कळ वेळा ते डोळ्यांत पाणी आणून बोललेले असतात. परंतु त्यांच्या मुळाशी एक समजूत असते, ती ही की, मला वेळ मिळाला तर मी फेडू शकतो. आपल्या पूर्वजांनी नवस केले, उपास केले, दंडवत घालीत तीर्थास गेले, कोंबडे-बकरे कापले. त्या सगळ्यात हीच समजूत होती. आपण ख्रिस्ती झालो, नवसाच्या जागी वर्गणी आली, तीर्थाच्या जागी उपासनामंदिर आले. आणि समजूत जशीच्या तशी राहिली तर बदलले काय? बाप्तिस्म्याच्या पाण्यालाही आपण हप्ता समजू शकतो.

याविषयी पंडिता रमाबाईंची साक्ष आपल्या महाराष्ट्रातील मंडळ्यांनी कधी विसरू नये. त्यांचे बालपण आईबापांसह तीर्थयात्रांत गेले. पुराणे सांगावी, उपास करावे, देवस्थानी दानधर्म करावा, असे करीत ते कुटुंब देशभर हिंडले. आणि दुष्काळाच्या दिवसांत रमाबाईंनी आई, बाप आणि थोरली बहीण गमावली. पुढे 1883 साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. इतक्या विद्वान स्त्रीने एवढा विचार करून हे पाऊल टाकले, तेव्हा येथे सर्व संपले असे कोणीही म्हणेल. परंतु 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या अगदी निराळे सांगतात. बाप्तिस्म्यास आठ वर्षे झाल्यावर त्यांच्या ध्यानी आले की, आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ज्याच्यामुळे तो धर्म आहे तो ख्रिस्त अद्याप मिळालेला नाही. त्या आठ वर्षांत त्यांनी काही थोडी चांगली कामे केली नव्हती. मुंबईत शारदा सदन उघडले, ते याच काळात, 1889 साली. परंतु आपल्या पापांचे ओझे आपल्या चांगल्या कामांनी उतरत नाही, ते ख्रिस्ताने स्वतःवर घेतले आहे आणि ते आत्ताच उतरले आहे, हे समजल्यावर त्यांस जी शांती मिळाली ती वेगळीच होती. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुली, 1905 साली तेथे झालेली जागृती, आणि साध्या बायकांस कळावे म्हणून सोप्या मराठीत केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर, ज्यावर त्या 1922 साली मरेपर्यंत खपत होत्या, हे सारे त्यानंतरचे आहे. ते हप्ते नव्हते. ज्याचे देणे सुटले आहे तो किती मोकळेपणाने राबतो, याचे ते उदाहरण होते.

येथे आपले शेजारी एक आक्षेप घेतात, आणि तो आक्षेप हलका समजू नये. ते म्हणतात, केलेले भोगलेच पाहिजे. तुमचा देव फुकट सोडून देतो, मग न्याय कोठे राहिला? त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. देणे आपोआप नाहीसे होत नाही. ते कोणावर तरी पडतेच.

आपल्या शेजारच्याच मुलखातील एक गोष्ट घ्या. 1875 सालच्या मे महिन्याच्या 12 तारखेस, पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतील पुष्कळ गावी तसेच झाले. (आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता.) त्या लोकांनी माणसे मारली नाहीत. त्यांस हवे होते ते कागद: खते, रोखे, हुकूमनामे. ते हाती आले म्हणजे लोक त्यांची होळी करीत. त्यांच्या संतापास कारण होते, हे पुढे सरकारी चौकशीतही दिसून आले, आणि 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. परंतु ज्यांनी कागद जाळले ते मोकळे झाले काय? शेकडो लोक धरले गेले. ऋणकऱ्याने आपल्या हाताने कागद जाळल्याने ऋण जळत नाही. उलट त्यात आणखी एका अपराधाची भर पडते.

जो मनुष्य म्हणतो की, पाप वगैरे काही नाही, पाळकांनी लोकांस भिवविण्यासाठी काढलेली ती गोष्ट आहे, तो असाच कागद जाळतो. त्याची होळी थोडा वेळ उजेड देते. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या मनातील वही उघडीच असते.

आता दुसरी गोष्ट. 1976 साली आपल्या देशाच्या संसदेने वेठबिगारी नष्ट करणारा कायदा केला. त्या कायद्याने मजुरास, हळूहळू फेड, असे सांगितले नाही. ज्या ऋणापायी तो बांधला गेला होता ते ऋणच रद्द ठरविले. ज्यास अधिकार होता त्याने वरून शब्द उच्चारला आणि देणे संपले. (तो कायदा आपल्या भागात किती पाळला जातो, हे फडावर जाणाऱ्यांनीच सांगावे.) परंतु तेथेही प्रश्न उरतोच: ती रक्कम कोणाची बुडाली? देणाऱ्याची. ऋण सुटले म्हणजे सोडणाऱ्याने ते सोसले. तुम्ही शेजाऱ्यास उसने दिलेले पायलीभर ज्वारीचे देणे सोडले, तर तेवढी ज्वारी तुमच्या कणगीत कमी असते. क्षमा कधीच फुकट नसते. ज्यास ती मिळते त्यास मात्र ती फुकट पडते.

वधस्तंभ तो हाच. देवाने आमच्या पापाकडे डोळेझाक केली नाही, आणि कोणा तिऱ्हाइतास पकडून त्याजवर ते लादलेही नाही. देव स्वतः पुत्राच्या ठायी येऊन ते सोसता झाला. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल यासाठी जो शब्द वापरतो, तो त्या काळच्या व्यवहारातील आहे. ऋणकऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला रोखा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे ज्यास लिहिता येत नाही तो अंगठा उठवितो; तसलाच तो कागद. त्यावर आमचाच अंगठा आहे, हे नाकारता येत नाही. सुप्याच्या लोकांप्रमाणे आम्ही तो जाळला नाही. ज्याचे येणे होते त्यानेच तो खोडून काढला, आणि ज्या खिळ्यांनी त्याच्या पुत्रास मारले त्याच खिळ्यांनी तो वधस्तंभावर ठोकला. आता त्या कागदावर कोण वसुली मागू शकेल?

याहून घरगुती रूप पाहावयाचे असल्यास फिलेमोनाचे पत्र वाचा. ते एका बैठकीत वाचून होते. अनेसिम नावाचा दास धन्यापासून पळालेला. पौल त्यास परत पाठवितो, आणि धन्यास लिहितो की, त्याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही लागत असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड. इतकेच नव्हे, मी फेडीन, असे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. अनेसिमाने खाते उघडून पाहिले असते तर तेथे त्याच्या नावापुढे काही उरले नसते. सर्व पौलाच्या नावे चढले असते. पापी मनुष्य विश्वासाने ख्रिस्ताकडे येतो तेव्हा हेच घडते. विश्वास म्हणजे आणखी एक मोठा हप्ता नव्हे. माझे देणे त्याच्या नावे चढले आहे, हे मान्य करून रिकाम्या हाताने उभे राहणे, याचे नाव विश्वास.

असे असता तो चाकर बाहेर जाऊन असा का वागला? त्याला सोबतीचा एक चाकर भेटला, जो त्याचे शंभर दीनार लागत होता. त्याने त्याचा गळा धरला. आपण सहसा म्हणतो की शंभर दीनार म्हणजे किरकोळ रक्कम. प्रभू तसे म्हणत नाही. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. ऊसतोडीचा जवळजवळ सबंध हंगाम. ती बुडाली तर घर हालते. आपल्या भावाने केलेला अन्याय पुष्कळ वेळा खराच अन्याय असतो, आणि त्याचे दुःख खरे असते. प्रभू ते दुःख थट्टेवारी नेत नाही. सहा कोटींच्या शेजारी ठेवून पाहा, एवढेच तो म्हणतो.

मला वाटते, त्या चाकराने राजाचा शब्द कानांनी ऐकला, पण त्यावर त्याचा भरवसा बसला नाही. तो मुदत मागावयास गेला होता, आणि मुदत मिळाली आहे असे समजूनच बाहेर पडला. मनात तो अजून ऋणकरीच होता. कोठून तरी गोळा केले पाहिजे, ही धास्ती त्याच्या हातांत होती, आणि तेच हात सोबत्याच्या गळ्यास लागले. आपल्या मंडळ्यांत पाहा. जो मनुष्य स्वतःच्या धार्मिकपणावर देवापाशी खाते चालविण्याची धडपड करतो, तोच दुसऱ्याच्या चुका बोटांवर मोजतो. कोण उपासनेस आला नाही, कोणाच्या सुनेने कुंकू लावले, कोणाचा मुलगा जत्रेत दिसला, याची वही त्याच्यापाशी तयार असते. आणि बांधाच्या वितीसाठी दोन सख्खे भाऊ दहा दहा वर्षे एकमेकांशी न बोलता एकाच बाकावर बसतात, तेही प्रभुभोजनाच्या रविवारी!

आता उपदेशकांसाठी दोन शब्द, कारण हा दाखला फार सांभाळून शिकवावा लागतो.

क्षमा करणे म्हणजे अन्याय चालू देणे नव्हे. याच 18 व्या अध्यायात, पेत्राच्या प्रश्नाच्या अगोदर, प्रभूने सांगितले आहे की भावाने अपराध केला तर आधी एकांती त्यास दाखव, न ऐकल्यास एक-दोन साक्षी घेऊन जा, तरीही न ऐकल्यास मंडळीस कळव. ज्याने आपला हिशेब खोटा लिहिला त्या मुकादमाकडे जाऊन, सर्वांसमक्ष वही उघड, असे म्हणण्याचा मजुरास हक्क आहे, आणि मंडळीने त्याच्याबरोबर जावे. मनात सूड न ठेवता न्याय मागता येतो. तसेच, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या घरी बायकोस परत पाठविताना, सातदा नव्हे, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर, हे वचन तिच्या तोंडावर मारू नका. पेत्राने तो प्रश्न स्वतःविषयी विचारला होता. मार खाणाऱ्या शेजारणीने किती वेळा सोसावे, असे त्याने विचारले नव्हते. तिला आधी सुरक्षित जागी पोहोचवा. क्षमा केव्हा आणि कशी, हे देव तिच्या अंतःकरणाशी बोलेल.

दुसरे, ज्याची क्षमा झाली त्याने परत द्यावयाचे ते परत दिलेच पाहिजे. जक्कयाची गोष्ट लूकच्या 19 व्या अध्यायात आहे. तो जकातदारांचा मुख्य. आजच्या भाषेत, लोकांच्या घामावर वसुली करणारा. प्रभू त्याच्या घरी उतरावयास आला तेव्हा त्याने काही फेडले नव्हते. आधी प्रभू आला. मग जक्कयाने उभे राहून अर्धी मिळकत गरिबांस देण्याचे आणि फसविलेल्यांस चौपट परत करण्याचे कबूल केले. चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरे द्यावी, असे निर्गमाच्या 22 व्या अध्यायात आहे. जक्कयाने तोच कडक नियम आपण होऊन स्वतःस लावून घेतला. फेड आधी आणि क्षमा मागून असती, तर ती पुन्हा मुदतच झाली असती. परंतु क्षमा मिळून दहा वर्षे झाली आणि फेड काहीच नाही, तर त्या घरी प्रभू उतरला होता की नाही, असे शेजाऱ्यांनी विचारले तर रागावू नये. आमच्या मंडळ्यांतूनही कोणी मुकादम होतात, कोणी व्याजाने पैसे देतात. त्यांनी आपली वही एकदा या अध्यायाच्या शेजारी ठेवून वाचावी. ज्या मजुराची बाकी कधीच फिटू नये अशा बेताने लिहिली आहे, त्याच्यासमोर त्यांनी ती उघडावी. हे प्रभुभोजनाच्या आधी झाले तर फार बरे.

टोळ्या निघण्यास आता थोडेच दिवस आहेत. जेथे शक्य असेल तेथे पाळकांनी त्यापूर्वीच प्रभुभोजन ठेवावे, म्हणजे जाणाऱ्यांस ते मिळेल. आणि भांडणे असतील ती त्या आठवड्यात बोलून टाकण्यास दोन्ही घरांस एकत्र बसवावे. फडावर गेल्यावर रविवार पाळणे कठीण असते, हे मी जाणतो. गाडी रात्री येवो की पहाटे, मोळ्या भराव्याच लागतात. तरी ज्या टोळीत चार ख्रिस्ती घरे आहेत, त्यांनी कोप्यांपुढे चूल विझण्याच्या सुमारास हा दाखला वाचावा. ज्यास वाचता येते त्याने 27 व्या वचनापर्यंत वाचून थांबावे. राजाने त्या मनुष्यास मोकळे केले आहे, आणि तो अजून बाहेर पडलेला नाही. घरी त्याची बायको आणि मुले आहेत. सकाळी त्यांस विकण्याचा हुकूम झाला होता, आणि तो रद्द झाल्याचे त्यांस अद्याप कोणी सांगितलेले नाही. तेथे पुस्तक मिटावे, आणि त्याने आता आधी कोठे जावयास पाहिजे होते, हे बसलेल्या माणसांस, विशेषेकरून बायकांस, सांगू द्यावे.